सांगलीच्या मातीतले सुगंधी झुडपी गुलाब : एका रोपवाटिकेचे आणि सहा रोपांचे परीक्षण

सांगलीत कोणत्याही रोपवाटिकेत जाऊन गुलाब मागितला, की समोरून पहिला प्रश्न येतो तो "कुठला रंग पाहिजे?" असा. लाल, पिवळा, पांढरा, दोन रंगांचा, अगदी हिरवट झाक असलेला गुलाबही लगेच पुढे केला जातो. वासाचा विषय ग्राहकाने काढल्याखेरीज निघत नाही, आणि काढला तरी "सगळ्याच गुलाबांना वास असतो की, ताई," असे उत्तर मिळते. तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात मी विश्रामबागेतील घरासमोरच्या जागेसाठी केवळ वासाच्या गुलाबांची खरेदी केली. मिरजेकडे जाताना लागणाऱ्या एका जुन्या रोपवाटिकेतून सहा रोपे आणली आणि त्यांचे १,८७० रुपये झाले. त्या रोपांचे पुढे काय झाले आणि ती विकणाऱ्यांनी काय सांगितले, काय सांगितले नाही, हे या परीक्षणात लिहिले आहे. रोपवाटिकेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण तिच्यात मला जे दोष आढळले ते आपल्या भागातील बहुतेक रोपवाटिकांत थोड्याफार फरकाने असतातच, आणि तिचे जे गुण आहेत ते मात्र सगळीकडे नाहीत.

झुडपी गुलाब म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. फुलांच्या दुकानात लांब दांड्याचा जो गुलाब मिळतो, तो हायब्रिड टी वंशाचा. १८६७ साली फ्रान्समध्ये आलेला 'ला फ्रान्स' हा त्या वंशाचा पहिला गुलाब मानला जातो. एका दांड्यावर एक टोकदार कळी हे त्याचे वैशिष्ट्य. झुडपी गुलाब बुंध्यापासून अनेक फांद्या फेकतो, कमरेएवढा किंवा खांद्याएवढा वाढतो, आणि त्याची फुले बहुधा झुपक्यांनी येतात. जुन्या सुगंधी गुलाबांतील बहुतेक सगळे याच ठेवणीचे आहेत. हा जुना वास आणि नव्या गुलाबांची पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय एकत्र आणण्याचे काम इंग्लंडमध्ये डेव्हिड ऑस्टिन यांनी केले. १९६१ सालचा त्यांचा पहिला गुलाब वर्षातून एकदाच फुलत असे. १९८३ साली आलेल्या पिवळ्या 'ग्रॅहम थॉमस'ने त्यांच्या गुलाबांना जगभर नाव मिळवून दिले.

दुकानातल्या गुलाबाला वास का नसतो, या प्रश्नाचे उत्तरही आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी 'पापा मेयाँ' हा सुगंधी आणि 'रूज मेयाँ' हा जवळजवळ निर्गंध गुलाब शेजारी ठेवून तपासले, तेव्हा जिरॅनिओलसारखे सुगंधी घटक तयार होण्यासाठी पाकळीत एक विशिष्ट विकर (एन्झाइम) लागते आणि निर्गंध गुलाबात ते फारसे तयारच होत नाही, असे दिसून आले. वर्षानुवर्षे निवड झाली ती फुलदाणीत टिकण्याची आणि प्रवास सोसण्याची. वास कोणी मागितला नाही आणि तो हळूहळू गळून गेला.

रोपवाटिकेबद्दल थोडेसे. हिरव्या शेडनेटखाली सुमारे पाच गुंठ्यांची जागा आहे. पुढच्या भागात बंगळूरहून येणारी नावाची कलमे, मागच्या भागात त्यांनी स्वतः फाटे लावून तयार केलेली रोपे, आणि एका कोपऱ्यात शेणखताचा ढीग, अशी मांडणी आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. बोलायला ते मोकळे आहेत, भाव एकच सांगतात आणि घासाघीस करत नाहीत. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र पेनाने लिहिलेल्या असून निम्म्या पावसाने पुसलेल्या होत्या. 'ग्रुस आन टेप्लिट्झ' या नावाचे तर तिथे 'टेपलीज' झालेले आहे, आणि खरे सांगायचे तर ते नाव आता आमच्या घरातही तेच पडले आहे.

पहिले रोप साठ रुपयांचे. चिठ्ठीवर 'गावठी' एवढेच. हा एडवर्ड गुलाब. आपल्याकडे गुलकंदाचा गुलाब म्हणून लोक ज्याला ओळखतात तो बहुतेक वेळा हाच असतो. त्याचे मूळ मोठे मजेशीर आहे. हिंदी महासागरात आज रियुनियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण तेव्हा बूर्बाँ नाव असलेल्या बेटावर शेताच्या कुंपणाला दोन जातींचे गुलाब लावलेले असत, एक चिनी आणि एक दमास्क. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नैसर्गिक संकरातून हा गुलाब निपजला, आणि भारतात तो इतका रुळला की त्याला गावठी म्हणताना कोणाच्याच मनात शंका येत नाही. फूल दिसायला साधे, गडद गुलाबी, विस्कटलेले; सकाळी उमललेले दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळते. फुलदाणीसाठी घेणाऱ्याने ते घेऊ नये. पण दोन-तीन फुले उमलली असतील तरी फाटकाची कडी काढतानाच वास येतो, आणि दूध घालायला येणारा मुलगासुद्धा क्षणभर थांबतो. तीन वर्षांत या झाडाने मे महिना सोडला तर एकही महिना रिकामा घालवलेला नाही.

दुसरे रोप साडेतीनशे रुपयांचे, चिठ्ठीवर 'दमास्क, अत्तराचा'. माझी मुख्य तक्रार या रोपाबद्दल आहे. खरा दमास्क गुलाब राजस्थानात हळदीघाटीच्या परिसरात आणि उत्तर प्रदेशात घेतला जातो. तिकडे त्याला चैती गुलाब म्हणतात, कारण तो फुलतो तो चैत्राच्या सुमारास, वर्षातून एकदा आणि भरभरून. त्याला थंडीही चांगली लागते. हिमाचलमधील पालमपूरच्या संस्थेने दमास्कचे 'ज्वाला' आणि 'हिमरोज' असे जे दोन वाण दिले, त्यांतला एक उष्ण भागासाठी आणि दुसरा थंड भागासाठी असे वेगळे करावे लागले, यावरूनच हवामानाचा प्रश्न किती मोठा आहे हे लक्षात यावे. माझा 'दमास्क' ऑगस्टमध्ये फुलला, नोव्हेंबरमध्ये फुलला, जानेवारीतही फुलला. दुसऱ्या वर्षी मी त्याची एक फांदी आणि साठ रुपयांच्या गावठीची एक फांदी शेजारी ठेवून पाने, काटे, कळीखालचा भाग आणि पाकळ्या पाहिल्या, तेव्हा कोणती कुठली हे मलाच ओळखता येईना. एकाच झाडाचे दोन भाव मी दिले होते. अण्णांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे जसं येतं तसं आम्ही देतो, ताई." त्यांनी फसवले असे मला वाटत नाही, त्यांनाही कोणीतरी तसेच दिले असावे. पण साडेतीनशे रुपये घेणाऱ्याने चिठ्ठीची जबाबदारीही घेतली पाहिजे.

सगळ्यात महाग रोपे होती ती इंग्लिश गुलाबांची : 'ग्रॅहम थॉमस' आणि 'अब्राहम डार्बी', प्रत्येकी साडेपाचशे. दोन्ही बंगळूरहून आलेली, कोकोपीट आणि लाल मातीच्या मिश्रणात वाढलेली, पानांनी तकतकीत. पहिल्या हिवाळ्यात 'अब्राहम डार्बी'ला सात फुले आली. जर्दाळूसारखा फिकट तांबूस रंग, शंभरेक पाकळ्या कोंबून भरल्यासारखे मोठे फूल, आणि वास गुलाबापेक्षा पिकलेल्या फळाच्या जवळ जाणारा. फेब्रुवारीपासून त्याची नवी पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी शेणखत वाढवले, पाणी वाढवले. उपयोग झाला नाही.

त्याच सुमारास तासगावहून माझे धाकटे दीर आले होते. त्यांची द्राक्षबाग आहे. पाने उलटीपालटी करून त्यांनी विचारले, "वहिनी, खुंट कोणता आहे याचा?" मला उत्तर देता आले नाही. या जिल्ह्यात क्षार आणि पाण्याची ओढ यांमुळे बागायतदारांनी द्राक्षवेली 'डॉगरिज'च्या खुंटावर नेल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. वेल कोणत्या खुंटावर आहे हे विचारल्याशिवाय इथे कोणी रोप घेत नाही. गुलाबाचेही तेच आहे. डोळा भरून केलेल्या कलमात वरचा भाग एका गुलाबाचा आणि मुळे दुसऱ्याची असतात. बंगळूरकडून येणाऱ्या कलमांना पुष्कळदा 'मल्टिफ्लोरा' हा खुंट असतो. तो थोड्या आम्ल मातीत झपाट्याने वाढतो, पण चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर त्याच्या मुळांना लोह घेता येत नाही. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोह कमी पडल्याचेच लक्षण होते. उत्तर भारतातील विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या मातीत चालणारा 'इंडिका' हा खुंट आपल्याकडे जास्त योग्य. मी पुन्हा रोपवाटिकेत जाऊन खुंट विचारला. "तो जंगली असतो, ताई," एवढेच उत्तर मिळाले.

त्या पावसाळ्यात 'अब्राहम डार्बी'च्या फांद्या टोकाकडून काळ्या पडत खाली आल्या. बुंध्यातून मात्र तीन लांब, फिकट हिरवे फुटवे जोमाने वाढले, आणि झाड सावरले या आनंदात मी ते जपले. फेब्रुवारीत त्यांवर बारीक, पांढऱ्या, एकेरी फुलांचे घोस आले. म्हणजे वरचा गुलाब केव्हाच मेला होता आणि मी चार महिने खुंटाची सेवा करत होते. यात माझीही चूक होतीच, कारण डोळा भरलेला सांधा मी लावताना मातीत पुरला होता, आणि काळ्या मातीत पावसाळ्यात पुरलेला सांधा कुजतो. तो मातीपासून दोन इंच तरी वर हवा. पण रोप देताना एवढे एक वाक्य अण्णांना सांगता आले असते. मोबाइलवरचे फोटो दाखवल्यावर त्यांनी भरपाई म्हणून दुसरे रोप दिले, आणि तेही कुरकुर न करता, हे नमूद केले पाहिजे.

'ग्रॅहम थॉमस' याच संकटातून वाचला, कारण तोपर्यंत मी शहाणी झाले होते. झाड काढून त्याच जागी फूटभर उंचीचा गादीवाफा केला, त्यात माती, मुरूम आणि जुने शेणखत समभाग घातले, सांधा वर ठेवला आणि फेरस सल्फेट लिंबाच्या रसासह पाण्यात विरघळवून दर पंधरवड्याला दिले. दीड महिन्यात नवी पालवी हिरवी आली. या गुलाबाची आणखी एक गंमत अशी की थंड देशांत चार-पाच फुटांचे झुडूप राहणारा हा प्राणी आपल्या उन्हात आठ-नऊ फुटांच्या सरळ फांद्या काढतो आणि फुले फक्त शेंड्याला देतो, म्हणजे वास घ्यायला गच्चीवर जावे लागते. भाऊजींनी त्याच्या फांद्या तारेवर आडव्या वाकवून, द्राक्षाचे ओलांडे बांधतात तशा बांधल्या. त्यानंतर प्रत्येक डोळ्यातून फूट निघाली आणि पुढच्या डिसेंबरात कंबरेच्या उंचीवर फुले आली. पिवळाधमक रंग, चहापत्तीच्या डब्याचे झाकण उघडल्यावर येतो तसा वास. सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्याचा हा वास मिळतो डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर फूल निम्म्या आकाराचे होते आणि सकाळी आठच्या पुढे नाक लावूनही काही मिळत नाही. साडेपाचशे रुपये आणि इतके कष्ट यांच्या मानाने तीन महिने मला कमी वाटतात. ज्यांची बाग पाचगणी किंवा महाबळेश्वरच्या बाजूला आहे, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा निघेल.

उरलेल्या दोन रोपांनी मला खरे समाधान दिले. 'रोज शर्बत' हा डॉ. बी. पी. पाल यांनी १९६२ साली काढलेला गुलाब. गव्हाच्या तांबेरा रोगावर काम करणारे, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले हे शास्त्रज्ञ फावल्या वेळात गुलाबांचे संकर करत, आणि ते दिल्लीच्या उन्हात तावून सुलाखून निघत. सांगलीचा एप्रिल त्यांना परका वाटत नाही. तसा 'रोज शर्बत' फ्लोरिबंडा, म्हणजे झुपक्यांनी फुलणाऱ्या गुलाबांच्या वर्गात मोडतो, पण मोकळा वाढू दिला तर झुडपासारखाच पसरतो. गडद गुलाबी फूल, वास गोड आणि दाट, आणि भाव एकशे ऐंशी. भरपाईत मी हाच दुसरा मागून घेतला. 'टेपलीज' म्हणजेच 'ग्रुस आन टेप्लिट्झ' १८९७ सालचा, मध्य युरोपात निपजलेला, तरी उन्हाला न बिचकणारा. लालभडक फुले मान खाली घालून येतात आणि त्यांच्या वासात लवंगेसारखी एक तिखट छटा आहे. त्याला हिवाळ्यात भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, लवकर धरते, आणि शेजारी द्राक्षबागा असलेल्या गावांत तर धरणारच. डिसेंबरात दोन वेळा विद्राव्य गंधक फवारले की भागते, मात्र ते उन्हाळ्यात फवारू नये, पाने करपतात.

छाटणीबद्दल रोपवाटिकेत मला "जून आणि ऑक्टोबर, गुडघ्याइतकं ठेवा" असा सल्ला मिळाला. हायब्रिड टीसाठी तो बरोबर आहे. झुडपी गुलाबासाठी नाही. यांचा वरचा एक-तृतीयांश भाग आणि आतल्या वाळक्या काड्या काढल्या की पुरे. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर छाटले की दीड महिन्याने म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बहर येतो. त्याच सुमारास द्राक्षांची गोडी छाटणी चालू असल्याने धारदार कात्री आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) दोन्ही घरी आयती मिळतात. कापलेल्या टोकांना ती पेस्ट लावली की फांद्या वाळत जाण्याचे प्रमाण बरेच कमी होते. खताबाबत एक सावधगिरी : रोपवाटिकेतून आणलेल्या शेणखतात मला मुळे खाणाऱ्या हुमणीच्या सात अळ्या सापडल्या. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हुमणी काय करते ते सांगायला नको. खत उन्हात पसरून, चाळून, निंबोळी पेंड मिसळूनच वापरावे.

आता उपभोगाबद्दल, कारण वासाचा गुलाब नुसता पाहण्यासाठी कोणी लावत नाही. सुगंधी द्रव्ये उडून जाणारी असतात, त्यामुळे फुले उन्हे अंगणात येण्याआधी तोडावीत. त्या पाकळ्यांतला फिनाइल इथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात चांगला विरघळतो, म्हणून माठात चार पाकळ्या टाकल्या तरी पाण्याला गुलाबपाण्याचा वास लागतो; अत्तर काढायचे म्हटले, तर मात्र किलोभर तेलासाठी तीन-चार टन फुले लागतात, ते आपले काम नव्हे. गुलकंद मी तिन्ही गुलाबी-लाल झाडांच्या पाकळ्यांचा वेगवेगळा करून पाहिला, पाकळ्यांच्या वजनाएवढी खडीसाखर घालून, काचेच्या बरणीत थर देऊन, महिनाभर उन्हात. गावठीचा पहिला आला. 'शर्बत'चा चवीला चांगला झाला पण रंग काळपट पडला, आणि 'टेपलीज'चा किंचित तुरट निघाला, जो सासूबाईंना आवडला आणि बाकी कोणालाच नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाची पहिल्या सहा महिन्यांतील फुले मात्र पोटात जाऊ देऊ नयेत, कारण तिथे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी कीटकनाशके सर्रास वापरली जातात. ही सूचनाही मला कोणी दिली नाही. मी विचारल्यावर अण्णांनी प्रामाणिकपणे मान डोलावली एवढेच.

म्हणून माझे मत असे : या रोपवाटिकेच्या मागच्या भागातून, म्हणजे त्यांनी स्वतः फाट्यावर केलेल्या रोपांतून, निर्धास्तपणे खरेदी करावी. गावठी आणि 'टेपलीज' तिथे स्वतःच्या मुळावर मिळतात. त्यांना खुंट नाही, सांधा नाही, आणि बुंध्यातून निघालेला प्रत्येक फुटवा त्याच गुलाबाचा असतो. 'रोज शर्बत' कलमी असला तरी घ्यावा. पुढच्या भागातील नावाची महाग कलमे फूल आल्याखेरीज आणि खुंट कळल्याखेरीज घेऊ नयेत, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो.

फूल आल्यावर घ्यायची म्हटले, तरी एक अडचण उरतेच. रोपवाटिका उघडते सकाळी दहा वाजता, आणि तोवर शेडनेटखालचा वास निघून गेलेला असतो. दहा वाजता प्रत्येक गुलाब सारखाच वाटतो. गेल्या डिसेंबरात मी अण्णांना हे समजावून सांगितले आणि साडेसातला फाटक उघडून द्याल का, असे विचारले. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून फाटकाशी उभे होते. आम्ही दोघांनी मिळून पुढच्या भागातील चाळीसेक फुले हुंगली, त्यांपैकी सहांनाच खरा वास होता, आणि त्या सहा पिशव्यांना त्यांनी खिशातल्या सुतळीचा एकेक तुकडा बांधून ठेवला. सुतळी अजून आहे का, ते या जूनमध्ये जाऊन पाहणार आहे.